किल्ली कोणाच्या हाती?

तारापूरच्या अणुविद्युत केंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारल्या. १९६९ साली त्या कार्यान्वित झाल्या. त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम तीस वर्षे पुरविण्याचे अमेरिकेने १९६३ च्या करारान्वये मान्य केले होते. मात्र १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर चित्र पालटले. १९७८ साली अमेरिकेने स्वतःचा नवा कायदा केला आणि त्याच्या आधारे पुरवठा रोखला. भट्ट्या भारताच्या भूमीवर, चालविणारे हात भारतीय. पण इंधनाची किल्ली परक्या संसदेकडे! पुढे फ्रान्स, चीन व रशिया यांच्याकडून इंधन मिळवावे लागले.

त्या अनुभवाचे चीज झाले. भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लुटोनियममिश्रित इंधन सिद्ध केले. २००५ व २००६ साली त्याच तारापुरात प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी भट्ट्या सुरू झाल्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागतच नाही. नैसर्गिक युरेनियम पुरते.

आज तोच प्रश्न संगणकाच्या रूपाने दारात उभा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा थांबविल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर त्या पूर्ववत झाल्या. शुल्क भरलेले होते. तरीही कंपनीला स्वतःचाच पत्रव्यवहार दुरावला. बोईसरच्या कारखान्यापासून गावच्या पतपेढीपर्यंत साऱ्यांचे दप्तर आज अशाच कुलपांत आहे.

यावर केवळ स्वदेशीचा शिक्का हा उपाय नव्हे. देशी कंपनीचे कुलूपही कुलूपच असते. उपाय आहे तो मुक्त मानकांचा, म्हणजे ज्यांचा आराखडा सर्वांना खुला आहे अशा नियमांचा. मराठीने हे अनुभवले आहे. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक रचना निराळी असताना एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हे होऊन उमटे. युनिकोडने ती अडचण दूर केली. केंद्र शासनानेही २०१० साली ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण स्वीकारले.

म्हणून शाळा, पतपेढी वा कारखाना यांनी संगणकप्रणाली घेताना तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. आपली माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल काय? दुसरा पुरवठादार ती चालवू शकेल काय? सेवा अकस्मात थांबली तर काम किती दिवस तग धरेल? खरेदी करणे म्हणजे परावलंबन नव्हे. पर्याय न ठेवता खरेदी करणे हे खरे परावलंबन होय.