महाडची गोळी, वडवणीची रात्र

बँकेच्या नोकरीत मी पुष्कळ गावे पाहिली. पुढे कादंबऱ्या लिहिताना त्या गावांतली माणसे उपयोगी पडली. पण वडवणीच्या एका रात्रीवर मात्र मला कधी लिहिता आले नाही. आज लिहितो आहे.

1988 सालचा जून होता. वडवणीला तेव्हा तालुक्याचा दर्जा नव्हता. तिथल्या शाखेत मी शेती कर्जाचे काम पाहत होतो. पहिला पाऊस पडून गेला होता. आमच्या भागात पहिला पाऊस म्हणजे पेरणीची घाई आणि दगडांखालून, जळणातून बाहेर निघणारे विंचू. रात्री आठच्या सुमारास शाखेच्या शिपायाने दार वाजवले. "सायेब, लेकराला विंचू डसलाय. गाडी काढा."

पोरगा सहा वर्षांचा. मोटारसायकलवर मध्ये बसवून त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी वेदना कमी होण्याचे इंजेक्शन दिले. पोराला दोनदा उलटी झाली, अंग घामाने भिजले, हातपाय गार पडले. मग त्याचे रडणे थांबले, तेव्हा विष उतरले असे समजून आम्ही चहा मागवला. पहाटे त्याला धाप लागली, तोंडाला गुलाबी फेस आला. डॉक्टर म्हणाले, बीडला हलवा. जीप मिळाली, पण बीड येण्याआधीच पोर आईच्या मांडीवर गेले. नशीब, असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

ते नशीब नव्हते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामाविषयी वाचत होतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले देहेड हे त्यांचे गाव, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातला माणूस. नागपूरला एमबीबीएस करून ते 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाने धडधाकट माणसे काही तासांत दगावत होती. बावस्करांनी त्यांना नुसते पुढच्या गावी पाठवले नाही. ते रुग्णाच्या उशाशी बसले, नाडी आणि रक्तदाब तासातासाला मोजून लिहीत राहिले.

त्या नोंदींतून 1982 मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख आला. हृदयावर घाला येण्याआधीची लक्षणे त्यात होती : उलटी, घाम, गार हातपाय. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. हे सारे मी डोळ्यांनी पाहिले होते!

विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्या वाहिन्या सैल करते. हा उपाय 'लॅन्सेट'मध्ये 1986 साली छापून आला, म्हणजे वडवणीच्या त्या रात्रीच्या दोन वर्षे आधी. गंभीर दंशाच्या 100 रुग्णांपैकी पूर्वी 25-30 दगावत. या गोळीने ते प्रमाण एकाच्या आसपास आले. बावस्कर तिथेच थांबले नाहीत. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह 70 रुग्णांवर अभ्यास करून गोळीला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यांनी 2011 मध्ये दाखवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सन्मान झाला, आनंदच आहे. पण माझ्यातला बँकवाला एक हिशेब मांडतो. त्या काळी व्याजदर पाव टक्क्याने बदलला तरी त्याचे परिपत्रक वडवणीच्या शाखेत पोचायचे, त्यावर सही व्हायची, फाईल लागायची. आणि लेकराचा जीव वाचवणारी माहिती महाडहून लंडनला गेली, तिथे छापली गेली, पण दोन वर्षांत वडवणीला आली नाही. त्या तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

लहान गावातल्या डॉक्टरला आपण अजून 'पुढे पाठवणारा' समजतो. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आली, रस्ते सुधारले, त्यामुळे पाठवणे सोपे झाले. पण पहिला तास त्या लहान गावातच जातो. त्या तासाला तिथे जाणता माणूस हवा, त्याच्या कपाटात औषध हवे आणि त्याने केलेल्या नोंदी वाचणारे वर कुणी हवे.

म्हणून एक विनंती. विंचू डसला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, घरी मनाने गोळी देऊ नका, लगेच दवाखाना गाठा. आणि या पावसाळ्याआधी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा : विंचवावरची गोळी आणि प्रतिविष आहे का? मी 1988 मध्ये विचारले नव्हते. विचारायचे असते, हेच मला ठाऊक नव्हते.