ब्लेझर कंपल्सरी, म्हणे

"जेंट्स : ब्लेझर कंपल्सरी. लेडीज : साडी किंवा गाऊन. नो कुर्ता, नो चप्पल प्लीज." सिंगापूरच्या क्रूझला निघायच्या अकरा दिवस आधी आमच्या टूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज पडला. त्यावर भराभर अंगठे आले. त्यातला एक माझा होता.

आई-बाबांच्या लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून मी ही ट्रिप काढली होती. चार रात्रींची बोट, सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत करून परत. दुसरी रात्र 'फॉर्मल नाइट'. बाबा कराडजवळच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेत. त्यांचा फॉर्मल पोशाख मी जन्मापासून बघतोय : पांढरा लेंगा, पांढरा नेहरू शर्ट आणि वर करड्या रंगाचं खादीचं जाकीट. याच कपड्यांत त्यांनी दरवर्षी झेंडावंदन केलं, ताईचं कन्यादान केलं, आजोबांच्या शोकसभेत बोलले. बॅग भरताना त्यांनी जाकीट काढून विचारलं, "हे चालेल ना?" मी फोन त्यांच्यापुढे धरला. "नो कुर्ता लिहिलंय, बाबा."

मग लक्ष्मी रोडवरून ४,२०० रुपयांचा नेव्ही ब्लू ब्लेझर आला. बाह्या लांब होत्या, त्या आत दुमडून घेतल्या. फॉर्मल नाइटला बाबा तो घालून जेवायला बसले. सगळी बटणं लावलेली, पाठ ताठ. आई पैठणीत मजेत होती, शेजारच्या टेबलावरच्या परदेशी बाई येऊन तिच्या पदराचा मोर बघून गेल्या. बाबा मात्र कोपर टेबलाला लागू नये, बाही सॉसमध्ये बुडू नये, या काळजीत अर्धं ताट तसंच ठेवून उठले. बाहेर जहाजाच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो विकायला लावले होते. आमचाही होता. मी घेऊ म्हणालो. बाबा म्हणाले, "नको. यात मी दुसऱ्याच कुणासारखा दिसतोय."

आमच्या टेबलाचा वेटर सावंतवाडीचा होता. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि खाली 'इंडिया'. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तो मराठीतच बोलायला लागला. ब्लेझरचा विषय निघाल्यावर हसला. "काका, तुमचं जाकीट असतं तरी चाललं असतं की. स्कॉटलंडचे लोक इथे घागरा घालून येतात." मी तिथेच जहाजाचं अ‍ॅप उघडलं. फॉर्मल नाइटखाली स्पष्ट लिहिलं होतं : सूट, जॅकेट किंवा आपला राष्ट्रीय पोशाख.

म्हणजे 'नो कुर्ता' हा जहाजाचा नियम नव्हताच. तो आमच्या टूरवाल्यांनी आपल्या मनाने जोडला होता, आणि वाचायची तसदी न घेता मी तो माझ्या बापावर लादला होता. हा लेख त्या रागातून लिहितोय. त्यातला बराचसा राग माझ्यावरच आहे.

आधी हे ब्लेझर प्रकरण येतं कुठून ते बघू. ज्याला आपण पाश्चात्त्य फॉर्मलचं शिखर समजतो, त्या डिनर जॅकेटची जन्मकथा गमतीची आहे. १८६५ साली इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, हेन्री पूल या लंडनच्या शिंप्यांकडून एक आखूड कोट शिवून घेतला. कशासाठी? शेपटीवाला लांब कोट घालून जेवायला बसायचा कंटाळा येतो, घरच्या घरी जेवताना जरा सैलसर काहीतरी हवं, म्हणून. पुढे अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या श्रीमंतांच्या वस्तीवरून त्याला टक्सिडो नाव पडलं. म्हणजे आज जो कोट नसला की माणूस जेवणाच्या हॉलला शोभत नाही, तो मुळात एका राजपुत्राचा घरगुती कोट होता.

आणि खुद्द इंग्रजांनीसुद्धा तो सगळीकडे मिरवला नाही. तांबड्या समुद्राच्या उकाड्यात ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांनी रात्रीच्या जेवणाला कोट काढून ठेवायची मुभा घेतली. पांढरा शर्ट, काळी पँट, कमरेला पट्टा, कोट नाही. या पोशाखाला 'रेड सी रिग' असं नाव आहे आणि तो आजही चालतो. ज्यांचा कोट, त्यांनी उकाड्यात तो खुंटीला टांगला. आम्ही विषुववृत्ताच्या दारात, सिंगापूरच्या घामात, तो विकत घेऊन घातला.

"पण नियम तो नियम," असं ग्रुपवरचे काका म्हणतील. ठीक, नियमच बघू. बहुतेक जहाजांवर फॉर्मल नाइटचा नियम मुख्य डायनिंग हॉलपुरता असतो. वरच्या डेकवरच्या बुफेत त्याच रात्री तुम्ही साध्या कपड्यांत जेवू शकता. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तर २००० साली 'फ्रीस्टाइल' नावाने ही सक्तीच काढून टाकली, आणि त्यांची जहाजं काही बुडाली नाहीत. फॉर्मल नाइटला फोटोग्राफर जिन्याजिन्यावर पडदे लावून का उभे असतात, याचाही विचार करा. नटलेली माणसं फोटो विकत घेतात. त्या रात्रीच्या थाटामागे परंपरा आहे तसा धंदाही आहे. धंद्याला माझी हरकत नाही. पण धंद्याला धर्मशास्त्र समजून कुणी मला दटावू नये.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांच्याकडेही वळतो. "आम्ही पैसे भरलेत, आम्ही बर्म्युड्यात येणार" ही टोळी. आमच्या ग्रुपमध्ये असे दोघे होते. त्यांना हॉलच्या दारावरून परत पाठवलं तेव्हा त्यांनी 'वंशवाद' वगैरे शब्द वापरले. मला ते पटलं नाही. चारचौघांत जेवायला बसताना जरा नीट बसावं, अंगावर स्वच्छ इस्त्रीचे कपडे असावेत, यात गुलामी कसली? दिवाळीच्या पहाटे नवे कपडे आपण कुणाच्या धाकाने घालत नाही. नटणं हा समोरच्याला दिलेला मान असतो. शिवाय त्या हॉलमध्ये रोज रात्री बो-टाय लावून, दहा-बारा तास पायांवर उभा राहणारा सावंतवाडीचा पोरगा असतो. त्याच्यासमोर ओल्या चड्डीत येऊन 'माझे पैसे' म्हणणं, यात मला कुठलंच स्वातंत्र्य दिसत नाही.

तेव्हा प्रश्न नटावं की नाही हा नाहीच. नटणं म्हणजे काय, हे कुणी ठरवायचं, हा आहे.

आता कुणी म्हणेल, सरळ सांग ना, सूट म्हणजे वसाहतवाद आणि धोतर म्हणजे स्वाभिमान. एवढं सोपं असतं तर लेख इथेच संपला असता. १८८८ साली अठरा वर्षांचे गांधी मुंबईहून विलायतेला बोटीने निघाले. काटा-चमचा धरता येत नाही म्हणून ते बहुतेक वेळ केबिनमध्येच घरून आणलेली मिठाई आणि फळं खात राहिले. बोटीवर त्यांनी काळा सूट घातला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायला राखून ठेवला. सप्टेंबरअखेरीला उतरले तर पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. ही फजिती त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिली आहे. ती वाचताना मला बाबांचं अर्धं ताट आठवतं. ४३ वर्षांनी, १९३१ मध्ये, हाच माणूस 'राजपुताना' या बोटीने गोलमेज परिषदेला गेला आणि पंचा-शालीत बकिंगहॅम राजवाड्यात पाचव्या जॉर्जला भेटला.

पण त्याच गोलमेज परिषदेत बाबासाहेब आंबेडकर होते, सुटाबुटात. त्यांच्या सुटाला कुणी नक्कल म्हणून दाखवावं. ज्या समाजाने कुणी काय नेसावं, किती आखूड नेसावं, कुठले दागिने घालावेत हे जातीवरून ठरवलं, त्या समाजात तो सूट म्हणजे ठणकावून दिलेलं उत्तर होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितलं होतं, जातीची ओळख सांगणारी लुगडी नेसायची पद्धत आणि तसले दागिने सोडून द्या. बायकांनी लगेच नेसण बदललं. कपडे ही किरकोळ गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांनी महाड आठवावं. आणि 'आपली संस्कृती, आपला पोशाख' म्हणून छाती फुगवणाऱ्यांनीही आठवावं, कारण 'आपल्या' पोशाखातही कुणाला काय घालू द्यायचं नाही याची यादी होतीच.

त्यामुळे माझ्या लेखी पंचा आणि सूट ही दोन टोकं नाहीत. दोघांनी आपापला पोशाख समजून उमजून निवडला होता. बाबांच्या ब्लेझरमध्ये निवड नव्हती. भीती होती : दारात अडवतील, मुलाची लाज जाईल.

ही भीती एकट्या बाबांची नाही. २०१४ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना चेन्नईच्या एका क्लबात वेष्टी नेसली म्हणून आत सोडलं नाही. न्यायमूर्तींची ही गत, तर कराडच्या हेडमास्तरांनी घाबरू नये तर काय? फरक एवढाच की तमिळनाडू गप्प बसलं नाही. त्याच वर्षी विधानसभेने कायदा केला : वेष्टी किंवा भारतीय परंपरेतला पोशाख घातला म्हणून क्लब, हॉटेल, थिएटर अशा सार्वजनिक ठिकाणी कुणालाही अडवता येणार नाही. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत भारतीय नौदलाने आपल्या मेसमध्ये कुर्ता-पायजमा आणि वर बिनबाह्यांचं जाकीट घालायला परवानगी दिली. पुन्हा वाचा. कुर्ता, पायजमा, बिनबाह्यांचं जाकीट. खऱ्याखुऱ्या नौदलाच्या अधिकाऱ्यांना मेसमध्ये जे चालतं, ते बाबांच्या कपाटात इस्त्री करून ठेवलेलं होतं, आणि आमच्या टूरवाल्यांना ते पार्टीच्या बोटीवर चालत नव्हतं.

यात एक गोष्ट मला फार खटकते. हा सगळा जाच पुरुषांनाच का? आईला कुणी गाऊन घाल म्हटलं नाही. साडी आपोआप 'फॉर्मल' ठरली, कारण आपल्या बायकांनी ती ऑफिसात, कोर्टात, संसदेत, परदेशांत नेसून तिला तो मान मिळवून दिला. पुरुषांनी आपला पोशाख आधी ऑफिसातून घालवला, मग समारंभातून, आणि उरला तो लग्नात भाड्याच्या शेरवानीपुरता. जे आपण रोज जगात घेऊन जात नाही, ते जगाने ओळखावं अशी अपेक्षा कशी करायची? टूरवाल्यांच्या मेसेजमध्ये 'साडी' होती आणि 'नो कुर्ता' होतं. कुर्त्याचा हा अपमान साहेबाने केला नाही. आपल्याच माणसाने मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर टाईप केला आणि आपण त्यावर अंगठे दिले.

तेव्हा क्रूझचं बुकिंग केलं असेल तर माझं ऐका. ग्रुपवरच्या मेसेजवर जाऊ नका, जहाजाच्या वेबसाइटवर ड्रेस कोड स्वतः वाचा. राष्ट्रीय पोशाख चालतो असं लिहिलेलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका, तुमच्या आधी दहा बाबांची सुटका होईल. स्पष्ट लिहिलेलं नसेल तर कंपनीला मेल करून विचारा, आणि तोपर्यंत कोटाच्या दुकानात जाऊ नका. कुर्ता, जाकीट, लेंगा किंवा चुडीदार, जे असेल ते स्वच्छ आणि कडक इस्त्रीचं घ्या. पायात चामड्याची मोजडी किंवा बंद बूट घाला, रबरी स्लिपर खोलीतच ठेवा. ब्लेझर मनापासून आवडत असेल तर जरूर घाला, मला स्वतःला आवडतो. आणि कशाचाच मूड नसेल तर भांडण न करता वर बुफेत जा, जेवण तिथेही पोटभर मिळतं. फक्त ज्यांनी जन्मात कोट घातला नाही, त्यांना तुमच्या फोटोसाठी कोटात कोंबू नका.

परत आल्यावर ब्लेझर कपाटात गेला तो गेलाच. आईने त्याच्या खिशात डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्यात. गेल्या महिन्यात चुलतभावाच्या साखरपुड्याला बाबा नेहमीचं करडं जाकीट घालून आले, दोनदा वाढून घेऊन जेवले आणि आपणहून फोटोला उभे राहिले. त्या टूर ग्रुपवर आता पुढच्या बॅचची तयारी चालू आहे. परवा पुन्हा तोच मेसेज आला : ब्लेझर कंपल्सरी, नो कुर्ता प्लीज. या वेळी मी अंगठा दिला नाही. खाली एक ओळ लिहिली, "हा नियम नक्की कुणाचा?" आणि अ‍ॅपचा स्क्रीनशॉट जोडला. अजून अ‍ॅडमिनचं उत्तर आलेलं नाही. पण एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला : "थँक्यू दादा. उद्या पप्पांना घेऊन कोट आणायला जाणार होतो."