संग्राहक आपला विषय कसा निवडतो?

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात प्रथमच जाणाऱ्याला एका गोष्टीचा विस्मय वाटतो. एका चौकटीत केवळ फुलपाखरांची रंगीत तिकिटे असतात. शेजारच्या चौकटीत अर्ध्या आण्याच्या एकाच निळ्या तिकिटाचे कितीतरी नमुने ओळीने मांडलेले असतात आणि सामान्य डोळ्याला ते सारे सारखेच दिसतात. त्यापलीकडे असतात कडा फाटलेली, शाई फिकी पडलेली, कोणतेही चित्र नसलेली जुनी पाकिटे. आणि नेमक्या त्याच चौकटीसमोर जाणकारांची गर्दी असते. छंद एकच, साहित्यही एकच. मग एकाला फुलपाखरू का हवे आणि दुसऱ्याला मळकट पाकीट का, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

ज्याला भाव अधिक तेच लोक जमवीत असावेत, असा व्यापारी मनाचा पहिला तर्क असतो. प्रत्यक्षात दीर्घकाळ टिकलेल्या बहुतेक संग्रहांच्या मुळाशी संग्राहकाचे स्वतःचे आयुष्य असते. त्याचे गाव, त्याचा व्यवसाय, त्याची श्रद्धा किंवा बालपणी घरात आलेले एखादे पाकीट यांतून विषय रुजतो. भाव पाहून घेतलेला विषय मात्र भाव उतरला की सुटतो.

आरंभी निवडीचा प्रश्नच नव्हता. जगातील पहिले चिकटवावयाचे तिकीट, पेनी ब्लॅक, १ मे १८४० रोजी इंग्लंडमध्ये विक्रीस आले. त्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत जगातील प्रत्येक तिकीट आपल्या संग्रही असावे, अशी आकांक्षा धरणे शक्य होते. पॅरिसमध्ये राहणारे फिलिप फेरारी यांनी ती आकांक्षा जवळजवळ पूर्ण केली. १९१७ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांचा संग्रह जगात अद्वितीय होता. त्यांनी तो बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला देऊ केला होता. परंतु महायुद्धानंतर फ्रेंच सरकारने तो शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला आणि १९२१ ते १९२५ या काळात त्याचे लिलाव झाले. ज्याने सर्व जमविले, त्याचे सर्व विखुरले गेले. पुढे देशोदेशींची तिकिटे इतकी वाढली की सर्वसंग्रह अशक्यच झाला आणि मर्यादा घालून घेणे भाग पडले. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांच्यापाशी साधनांची वाण नव्हती. तरीही त्यांनी आपला संग्रह ब्रिटन आणि ब्रिटिश साम्राज्य यांपुरता मर्यादित ठेवला. मर्यादेमुळेच त्याला खोली आली.

ही मर्यादा प्रत्येक जण वेगळ्या कारणाने आखतो. एकच उदाहरण घेतले तरी ते स्पष्ट होईल. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताची नित्य वापराची पहिली तिकीटमाला प्रसिद्ध झाली. तिच्यातील सर्वांत मोठ्या किमतीचे, म्हणजे पंधरा रुपयांचे तिकीट पालिताण्याच्या शत्रुंजय मंदिराचे होते. हे एकच तिकीट तीन संग्राहक तीन दृष्टींनी पाहतात.

पहिला विषयवार संग्रह करणारा. तो हे तिकीट १९३५ च्या रौप्यमहोत्सवी मालेतील कलकत्त्याच्या जैन मंदिराच्या सव्वा आण्याच्या तिकिटाशेजारी ठेवतो. त्यापुढे १९७४ मधील भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाचे तिकीट आणि १९८१ मधील श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराचे तिकीट लावतो. कर्मवीर भाऊराव पाटील (१९८८) आणि वालचंद हिराचंद (२००४) यांच्या तिकिटांनाही त्याच्या पानावर स्थान मिळते. त्याला एक कथा सांगावयाची असते आणि प्रत्येक तिकीट हे त्या कथेतील एक वाक्य असते.

दुसरा परंपरागत पद्धतीचा संग्राहक. त्याला चित्रापेक्षा निर्मितीत रस. नाशिकच्या मुद्रणालयातील छपाई, कागदातील जलचिन्ह, कडेच्या छिद्रांची संख्या, रंगछटांतील भेद हे तो भिंगाखाली तपासतो. अनेकदा असा संग्राहक मूळचा छपाई, रंग किंवा कापड यांच्या व्यवसायातील असतो; छटांतील भेद पाहण्याची सवय त्याच्या डोळ्याला धंद्यानेच लावलेली असते.

तिसरा टपाल-इतिहासाचा अभ्यासक. तो विचारतो, साधे पत्र काही आण्यांत जात असताना हे पंधरा रुपयांचे तिकीट कोणी, कशावर लावले असेल? एखादे जड पार्सल, परदेशी जाणारे विमा उतरविलेले टपाल? सुटे तिकीट त्याला मूक वाटते. तेच तिकीट पाकिटावर, शिक्क्यासह आणि पत्त्यासह असले, तर ते कोठून निघाले, कोणत्या मार्गाने गेले, किती दिवसांनी पोहोचले आणि किती खर्च आला, हे सारे बोलू लागते.

गावाचे ममत्व हे निवडीचे आणखी एक बलवत्तर कारण. भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची तिकिटे काढली होती. त्या परिसरातील माणसाला त्यांची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. मराठवाड्यातील संग्राहक निजामाच्या हैदराबाद संस्थानची तिकिटे शोधतो, कारण त्यांच्यावर उर्दू, तेलुगू आणि इंग्रजीबरोबर मराठी अक्षरेही आहेत. गोव्याचा संग्राहक १८७१ पासून १९६१ पर्यंतच्या पोर्तुगीज अमलातील टपालाकडे वळतो.

काहींना ‘पहिलेपणा’ मोहवितो. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. विमानाने अधिकृतपणे टपाल नेण्याचा जगातील तो पहिला प्रसंग आणि त्या पाकिटांना आजही मागणी आहे. काहींचे मन दुर्घटनांकडे जाते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. त्या बर्फातून हाती आलेली पत्रे जपणाऱ्याला, पोहोचू न शकलेल्या निरोपाची किंमत कळलेली असते.

बालपणीची नजरही विषय ठरविते. पाचगणीच्या शाळेत शिकलेला झांझिबारचा एक पारशी मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध गायक झाला. वडिलांकडून त्याला तिकिटांचा छंद लागला. त्याने लहानपणी केलेला अल्बम आज लंडनच्या टपाल संग्रहालयात आहे. त्यात तिकिटे रंग आणि आकार यांच्या सममितीने, जणू रांगोळीसारखी मांडलेली आहेत. विषय देशाचा नाही, काळाचाही नाही, रचनेचा आहे.

व्यापारी कुटुंबांचा या छंदाशी असलेला संबंध याहूनही जवळचा आहे, कारण जगातील मौल्यवान पाकिटांपैकी पुष्कळ पाकिटे व्यापाऱ्यांच्या दप्तरांतूनच बाहेर आली. मॉरिशसने १८४७ मध्ये एक पेनी आणि दोन पेन्स किमतीची प्रत्येकी पाचशे तिकिटे छापली. या तिकिटांकडे संग्राहकांचे लक्ष वेधले ते १८६४ च्या सुमारास, फ्रान्समधील बोर्दो येथील एका व्यापाऱ्याच्या पत्नीने पतीच्या पत्रव्यवहारातून ती शोधून काढल्यावर. त्याच मालेतील दोन तिकिटे लावलेले, मॉरिशसहून मुंबईला १८५० मध्ये आलेले एक पाकीट १८९७ मध्ये भारतातील एका बाजारात मिळाले. ते ‘बॉम्बे कव्हर’ या नावाने ओळखले जाते आणि १९६८ च्या लिलावात त्याला ३,८०,००० डॉलर मिळाले. तिकिटे कापून घेऊन पाकीट फेकले असते, तर त्यातील मुंबई कायमची पुसली गेली असती.

भारतीय तिकिटांचा परदेशी वापर हा तर व्यापाराचा नकाशाच आहे. १८५४ पासून १९३७ पर्यंत एडनमध्ये भारतीय तिकिटे चालत. सिंगापूर, पिनांग आणि मलाक्का येथे ती १८६७ पर्यंत चालली. मस्कत, बसरा, झांझिबार येथे भारतीय टपाल कार्यालये होती. जेथे भारतीय व्यापारी गेला, तेथून त्याची पत्रे येऊ लागली. ज्या घराण्यातील कोणी पूर्वज त्या किनाऱ्यांवर गेला असेल, त्याच्या वंशजाला विषय शोधावयास बाहेर जाण्याचे कारण नाही.

दरांचा अभ्यासही व्यापाऱ्याला सहज उमगतो. १८५४ पूर्वी टपालाचा आकार वजन आणि अंतर या दोहोंवर अवलंबून असे. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याच्या पत्राला एक रुपया पडे. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याचे पत्र देशात कोठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. बाजारभाव रोज पत्राने कळविणाऱ्या पेढीच्या दृष्टीने ही किती मोठी क्रांती होती, हे पत्रांची संख्या पाहिली की समजते. नॉटपेड पत्रावरील दंडाचा शिक्का, मुद्रांकित हुंडीचा कागद, पावतीवरील महसुली तिकीट हे सारे आज स्वतंत्र अभ्यासाचे विषय आहेत. महसुली तिकिटांना जागतिक प्रदर्शनांत वेगळा विभागच आहे.

आता भावाविषयी. तिकीट म्हणजे खात्रीची गुंतवणूक, असा प्रचार अधूनमधून होत असतो. ब्रिटिश गयानाचे १८५६ चे एक सेंटचे किरमिजी तिकीट एका बारा वर्षांच्या मुलाला १८७३ मध्ये सापडले. त्याने ते सहा शिलिंगांना विकले. पुढे ते फेरारींच्या संग्रहात गेले. २०१४ मध्ये त्याला सुमारे ९५ लाख डॉलर मिळाले. परंतु २०२१ मध्ये तेच तिकीट सुमारे ८३ लाख डॉलरना विकले गेले. जगातील सर्वाधिक प्रसिद्ध तिकिटाचीही किंमत सात वर्षांत घटू शकते. स्पेनमध्ये तर ठरावीक परताव्याचे आश्वासन देऊन तिकिटांत पैसे गुंतवून घेणाऱ्या दोन कंपन्यांवर २००६ मध्ये कारवाई झाली. जुन्या गुंतवणूकदारांना नव्यांच्या पैशातून परतावा दिला जात होता आणि लाखो सामान्य कुटुंबांची बचत त्यात अडकली. तिकिटांना ना व्याज असते ना लाभांश. विकताना दलाली वजा होते आणि गिऱ्हाईक भेटेपर्यंत थांबावे लागते. म्हणून छंदावरील खर्च हा खर्च म्हणूनच मांडावा. त्यातून पुढे काही परत आले तर आनंद मानावा.

व्यापारी कुटुंबाचे खरे भांडवल वेगळेच आहे. माळ्यावरच्या पेटीत पडलेल्या जुन्या पत्रांवरील टपालाचे शिक्के बाहेरचा अभ्यासक वाचू शकतो. पण आतील मजकूर महाजनीत, मोडीत किंवा जुन्या गुजराती वळणात असतो. आडत्याचे नाव, मालाच्या वाणाची खूण, हुंडीची मुदत, कोणत्या आप्ताला ‘जय जिनेंद्र’ कळविले आहे, हे घरातील एखाद्या आजोबांना किंवा जुन्या मुनिमांनाच उलगडते. अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. दुकान बंद होते, वाटण्या होतात, घर पाडून इमारत उभी राहते आणि पेटी किलोच्या भावाने रद्दीत जाते. कधी कधी मुलांच्या वहीसाठी तिकिटे तेवढी फाडून घेतली जातात आणि पत्र टाकून दिले जाते. बोर्दोच्या व्यापाऱ्याच्या घरात जे घडले, त्याच्या नेमके उलट घडते.

यासाठी फार काही करावे लागत नाही. पाकिटावरचे तिकीट सोडवू नये आणि पत्र पाकिटापासून वेगळे करू नये. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, पाकिटावर पेनाने काही लिहू नये. पावसाळ्यात दमट भिंतीपासून पेटी दूर ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून पत्रे वाचून घ्यावीत आणि त्यांचा सारांश तारखेसह वेगळ्या वहीत उतरवावा. संग्रह असल्यास त्याची यादी करून ती कुटुंबाच्या इतर कागदपत्रांबरोबर ठेवावी, म्हणजे पुढील पिढी तो अज्ञानाने कवडीमोलाने विकणार नाही. विकावयाचाच झाल्यास आधी किमान दोन जाणकारांना दाखवावा.

मुलांना विषय मोठ्यांनी ठरवून देऊ नये. त्यांच्यापुढे पेटी उघडावी आणि त्यांचे डोळे कोठे थांबतात ते पाहावे. कोणाला चित्र आवडेल, कोणाला शिक्का, कोणाला पणजोबांची सही. टपाल खात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ ही वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तिचीही माहिती जवळच्या मुख्य टपाल कार्यालयातून घ्यावी.

फुलपाखरांच्या तिकिटांसमोरचा संग्राहक आणि मळकट पाकिटासमोरचा संग्राहक यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद नाही. दोघांनीही आपल्याला ठाऊक असलेल्या वाटेने जाणे पसंत केले आहे. फरक एवढाच की फुलपाखराचे तिकीट उद्याही विकत मिळेल. आजोबांच्या पेढीवर आलेले पत्र मात्र एकदा रद्दीत गेले की कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. या दिवाळीत माळा झाडताना ती पेटी खाली उतरवावी आणि फेकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी.