बेनिननं काजू बी रोखली, त्यात त्यांचं चुकलं काय?

परवा टपरीवर एक काजू कारखानदार मित्र तावातावानं म्हणाला, "आफ्रिकावाल्यांना माज आलाय. बी द्यायची बंद केली म्हणे! आम्ही कारखाने चालवायचे कशावर?" गंमत म्हणजे त्याच बाकावर बसलेला आमचा बागायतदार दर मार्चला ओरडतो, आफ्रिकेची बी थांबवा, आमचा दर पडतो. दोघंही माझे वाचक. म्हणून दोघांनाही थोडं झोंबेल असं लिहितोय.

बेनिन हा नायजेरियाच्या शेजारचा छोटा देश. 1960 ला फ्रान्सकडून स्वतंत्र झाला. विकायला काय, तर कापूस आणि काजू. दोन्ही कच्चे. बी भारतात आणि व्हिएतनामला जायची. फोडणं, सोलणं, प्रतवारी, पॅकिंग सगळं दुसरीकडे. म्हणजे मजुरी दुसऱ्याची, नफा दुसऱ्याचा, ब्रँड दुसऱ्याचा. झाड तेवढं यांचं.

दुसरा आधार कोटोनू बंदराचा. तिथं माल उतरवायचा आणि नायजेरियात पाठवायचा. ऑगस्ट 2019 मध्ये नायजेरियानं सीमाच बंद केली, ती डिसेंबर 2020 पर्यंत. शेजाऱ्यानं फाटक लावलं की आपल्या घरची चूल विझते, हे तेव्हा उघडं पडलं.

मग 1 एप्रिल 2024 पासून बेनिननं कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी घातली. कोटोनूजवळ ग्लो-जिग्बे इथं आपल्या एमआयडीसीसारखी मोठी वसाहत उभी केली. बी तिथंच फोडायची, कापसाचं कापड तिथंच करायचं. याला माज म्हणायचं?

आणि हे आपण म्हणायचं? 2019 च्या बजेटमध्ये आपण सोललेल्या काजूगरावरचं आयात शुल्क 45 वरून 70 टक्के केलं. कच्च्या बीवरचं मात्र त्याआधीच्या वर्षी 5 वरून अडीच टक्क्यांवर आणलं होतं. अर्थ सरळ आहे: बी पाठवा, गर पाठवू नका. आपल्या कारखान्यातल्या बायकांची रोजी वाचवायला आपण ते केलं, आणि योग्यच केलं. मग तिथल्या बायकांना रोजी नको का?

उलटं केलं की काय होतं, तेही जगानं पाहिलंय. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेनं मोझांबिकला कच्च्या बीची निर्यात मोकळी करायला लावली. शेतकऱ्याला चांगला दर मिळेल म्हणाले. कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले, आणि बी भारतात आली. तेव्हा आपल्यापैकी कुणाला तो माज वाटला नव्हता.

आता बेनिनला हार घालायलाही मी बसलेलो नाही. बंदी घातली की गिऱ्हाईक कमी होतं, आणि गिऱ्हाईक कमी झालं की पहिला मार शेतकऱ्याला. सरकार हंगामाचा किमान दर ठरवतं, पण कागदावरचा दर बांधावर मिळतोच असं नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि धोरण आखणारे पॅट्रिस तालों 2016 ला निवडून आले ते मुळात कापसातले बडे व्यापारी. 2019 च्या संसदीय निवडणुकीत विरोधी पक्षच नव्हते. 2021 मध्ये विरोधी नेत्या रेकया मादूगू यांना 20 वर्षांची शिक्षा झाली. दर पडला तर शेतकऱ्यानं ओरडायचं कुणाकडे? कारखाना उभा राहील हो, पण प्रश्न विचारणारा आत असेल तर त्या कारखान्याचा फायदा कुणाच्या घरी गेला, हे कळणार कसं?

तेव्हा धोरण बरोबर, पण त्याचा हिशेब मागायची सोय नाही, हे चूक. माझं म्हणणं एवढंच.

राहता राहिलो आपण. वेंगुर्ल्याच्या काजूला जीआय मानांकन मिळालं, पण कारखाना चालतो परदेशी बीवर. गोव्यात बोंडूची फेणी होते, आपल्याकडे बोंडू बागेत कुजतात. बाहेरची बी बंद झाली म्हणून रडण्यापेक्षा, कारखानदार आणि बागायतदार एका बाकावर बसलेच आहात, तर दराचं तिथंच बोला ना. चहा माझ्याकडून.