स्पीकर जुनेच घ्या

परदेशातल्या मराठी घरांत गेल्या काही वर्षांत एक नवी खोली तयार झाली आहे. पूर्वी तिथे पाहुण्यांचा पलंग आणि भारतात न्यायच्या बॅगा असायच्या. आता तिथे टेबल असतं, लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक बरा माइक आणि भिंतीला टेकून ठेवलेली हार्मोनियम. कुणी पॉडकास्ट करतं, कुणी मंडळाच्या गणपतीतल्या गाण्यांचं रेकॉर्डिंग साफ करतं, कुणी आजीच्या ओव्या फोनवर टिपून आणलेल्या असतात त्या ऐकण्याजोग्या करू पाहतं. हे सगळं व्हायलाच हवं. पण या खोल्यांतून बाहेर पडणारं बरंचसं काम ऐकवत नाही. गाडीत लावलं की डग्गा ढम्म घुमतो, पुण्यातल्या मावशीने फोनवर लावलं की शब्द कळत नाहीत. यावर आपल्या मंडळींचा उपाय ठरलेला आहे: अजून महागाचे, अजून मोठे, कोरे करकरीत स्पीकर.

या उपायाशी माझं भांडण आहे. घरातल्या मिक्सिंगसाठी मॉनिटर स्पीकर घेताय? वापरलेले घ्या, लहान घ्या, आणि वाचलेले पैसे खोलीवर घाला. हजार डॉलर असतील तर त्यातले निम्मेच स्पीकरवर जाऊ द्या.

मी पोस्टडॉक आहे, पोट प्रयोगशाळेवर चालतं. प्रयोगशाळेत जुन्या यंत्राबद्दल कुणी नाक मुरडत नाही. निवृत्त प्राध्यापकाच्या कपाटातून आलेला ऑसिलोस्कोप वर्षानुवर्षं वापरला जातो. प्रश्न विचारला जातो तो एकच: हा बरोबर दाखवतो का? मॉनिटर स्पीकर हे याच जातीचं यंत्र आहे. दिवाणखान्यातल्या स्पीकरने गाणं गोड लागावं, मॉनिटरने गाण्यातलं वाईट दिसावं. ज्याला मोजायचं आहे त्याने पट्टी कोरी आहे की जुनी हे कशाला पाहायचं? तिच्यावरच्या खुणा ठीक आहेत ना, ते पाहायचं.

इथे आपला जुना संस्कार आडवा येतो. ‘दुसऱ्याचं वापरलेलं कशाला?’ हे वाक्य मी टेक्सासपासून टोरांटोपर्यंत ऐकलेलं आहे, आणि ते म्हणणाऱ्यांच्याच घरात मिरजेहून आलेला, दोन पिढ्यांनी हाताळलेला तानपुरा मानाने उभा असतो. त्याला आपण मुरलेला म्हणतो. स्पीकर मुरत नाही हे खरं, तो म्हातारा होतो. पण चांगल्या बनावटीचा मॉनिटर म्हातारा व्हायला पुष्कळ वर्षं लागतात. त्याची किंमत मात्र पहिल्या मालकाने खोकं फोडलं त्याच दिवशी उतरलेली असते. ती उतरण दुसऱ्याने सोसलेली असताना तुम्ही पुन्हा सोसायचं कारण काय? शिवाय आपल्यापैकी कितीतरी जणांचं आयुष्य दोन-दोन वर्षांच्या करारांवर आणि व्हिसावर बेतलेलं. गाव सोडताना वापरलेला स्पीकर जवळजवळ घेतल्या भावाला जातो, नवा घेतलेला जात नाही.

पण खरा मुद्दा किमतीचा नाही, खोलीचा आहे, आणि तो कोणताही दुकानदार तुम्हाला सांगणार नाही, कारण खोली त्याला विकता येत नाही.

अमेरिकेतल्या साध्या घराचं छत आठ फुटांवर असतं, म्हणजे २.४४ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. जमीन आणि छत यांच्यामध्ये ज्या लहरीची बरोबर अर्धी लांबी मावते तिची कंपनसंख्या येते सुमारे ७० हर्ट्झ. आता पुरुष गायक काळी एकमध्ये गातोय असं धरा. त्याचा मध्य सा १३९ हर्ट्झच्या आसपास, आणि तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. तुमचं छत आणि तुमचा खर्ज एकाच स्वरात आहेत! वर गंमत अशी की या लहरीचा दाब जमिनीशी आणि छताशी सर्वांत जास्त, तर अगदी मधोमध, १.२ मीटरच्या उंचीवर, सर्वांत कमी असतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचे कान साधारण तिथेच असतात. तानपुऱ्याचा ऐश्वर्याचा भाग जवारीतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांत असतो, त्यामुळे तो एक वेळ निभावून जातो. डग्ग्याचं काय? त्याची घुमार याच मुलखात राहते. ती कानाला कमी लागते, म्हणून तुम्ही ती वाढवता, आणि मग बिचाऱ्या मावशीच्या जावयाच्या गाडीत ती दारं हलवते.

दुसरा हिशेब भिंतीचा. स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवर आपटून परतलेली लहर १४३ हर्ट्झच्या सुमाराला मूळ आवाजाशी भांडते आणि दोघं एकमेकांना खातात. म्हणजे पुन्हा काळी एकचा सा, गवयाच्या आवाजाचा पाया. हजार डॉलरचा स्पीकर असो की पाच हजारांचा, भिंतीला त्याची किंमत कळत नाही. इक्वलायझरने हा खड्डा भरता येत नाही, कारण तुम्ही जितका आवाज वाढवाल तितकाच भिंतीकडून परत येऊन तो पुन्हा खाल्ला जातो. उपाय फुकटचा आहे. लहान स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ सरकवा, म्हणजे हा खड्डा ३०० हर्ट्झच्या वर जातो आणि तिथे भिंतीवरचं चार इंची मिनरल वूल त्याला शोषू शकतं. भिंतीलगत ठेवल्याने वाढलेला खर्ज स्पीकरच्या पाठीवरच्या बटणाने कमी करायचा. ती बटणं त्यासाठीच दिलेली असतात.

म्हणून ‘आठ इंची वूफर घे, दम असतो’ या सल्ल्याला दहा बाय अकराच्या खोलीत काही अर्थ नाही. तो दम तुमच्या छताला आणि भिंतींना मिळतो, तुम्हाला नाही. पाच इंची पुरे.

मिनरल वूलच्या लाद्या बांधकाम सामानाच्या दुकानात मिळतात. लाकडी चौकट ठोकायची आणि वर कापड ताणायचं. कापडातून फुंकर पलीकडे जात असेल तर आवाजही जातो, तेव्हा जुनी सुती साडी उत्तम. गोधडी टांगणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगते: गोधडी फक्त वरचे स्वर पिते, खालच्यांना हातही लावत नाही. खोली कोंदट होते आणि घुमते तशीच. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको.

आता दंतकथेकडे. वापरलेल्यांच्या बाजारात उतरलात की कुणीतरी ‘यामाहा एनएस-१० घे’ म्हणणारच. पांढऱ्या कोनचा तो काळा ठोकळा जगभरच्या स्टुडिओंच्या फोटोंत दिसतो. तो १९७८ साली आला तो घरगुती हाय-फाय स्पीकर म्हणून, स्टुडिओसाठी नव्हेच. ध्वनिअभियंत्यांनी तो उचलला, त्याचे वरचे स्वर टोचतात म्हणून ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवला, आणि २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. बंद पेटीचा असल्याने आवाज थांबला की तोही पटकन थांबतो, हा त्याचा खरा गुण. पण त्या स्टुडिओंत भिंतीत बसवलेले मोठे मॉनिटरही होते. एनएस-१० ही दुसरी जोडी, एक चाचणी. तुमच्या घरात ती पहिली आणि एकुलती एक होणार, आणि ज्या मुलखात आपला डग्गा राहतो तिथे तिला फारसं ऐकूच येत नाही. शिवाय वेगळा अँप्लिफायर घ्यावा लागतो. त्या पैशात दंतकथा मिळते, खर्ज मिळत नाही.

त्यापेक्षा जेनेलेकचा ८०३० किंवा नॉयमनचा केएच १२० यांची पहिल्या मालकाने नीट वापरलेली जोडी शोधा. दोन्हींचे वूफर पाच इंचांच्या घरातले, पेट्या अॅल्युमिनियमच्या, पाठीवर खर्जाची बटणं. तेवढे पैसे नसतील तर जेबीएल ३०५ सुद्धा बऱ्या खोलीत बरं काम देतो. वाईट खोलीतल्या जेनेलेकपेक्षा तर नक्कीच.

विकत घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. विकणाऱ्याच्या घरात स्पीकरचा आवाज पाहू नका, तब्येत पाहा. आवाज त्याच्या खोलीचा असतो, ती खोली तुम्ही नेणार नाही. आधी काही न वाजवता दोन्ही चालू करून अर्धा तास गप्पा मारा, चहा मिळाला तर घ्या. तापल्यावर गुणगुण, ठक्क असा आवाज किंवा एकाच बाजूची जास्त फुसफुस आहे का ते कळतं. मग एकट्या माणसाच्या बोलण्याचं मोनो रेकॉर्डिंग दोन्हींतून लावा. आवाज बरोबर मधोमध, एका ठिपक्यात उभा राहायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर स्पीकरांची अदलाबदल करा. झुकावही बदलला तर दोष स्पीकरात, तसाच राहिला तर खोलीत. पाच मिनिटांचं काम आहे, पण विकणाऱ्याला विचारायला लाजून लोक ते करत नाहीत. लाजू नका. त्यानंतर ४० ते ३०० हर्ट्झपर्यंत हळू चढणारा एक शुद्ध सूर वाजवा आणि खरखर ऐका. ही चाचणी तानपुऱ्यावर करू नका, जवारीत कुठलीही खरखर लपते. शेवटी मराठी बोलणं: ‘श’ आणि ‘स’ वेगळे ऐकू येतात ना? ‘स’ची शक्ती ‘श’पेक्षा वरच्या स्वरांत असते, आणि ट्वीटर थकला किंवा दबला असेल तर हे दोघे आधी एकमेकांत मिसळतात.

काही जोड्या मात्र फुकट मिळाल्या तरी घेऊ नका. कोनच्या कडेची पट्टी फोमची असेल तर ती कालांतराने भुगा होते, बोटाने हलके दाबून पाहा. रबराची बरीच टिकते. एकच स्पीकर कुणी विकत असेल, किंवा दोघांपैकी एकाचा वूफर बदललेला असेल, तर ती जोडी नव्हे. वर्षानुवर्षं दिवसरात्र चालू ठेवलेले स्पीकरही नकोत. कपॅसिटर उष्णतेने मरतात, दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आणि ज्याचं सगळं गणित एखाद्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि ते सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर चढत नाही, त्याला नमस्कार करून निघा.

‘पण वॉरंटी?’ वॉरंटी ज्या देशात घेतली त्या देशापुरतीच असते बहुधा, आणि आपण कुठे एका देशात थांबतो! ‘पण हेडफोन आहेत की.’ आहेत, आणि टिचक्या, श्वास, तोंडाचे आवाज शोधायला त्यांच्यासारखं काही नाही. पण हेडफोनमध्ये डावा कान उजवीकडचं ऐकतच नाही, त्यामुळे गायक आणि तबला यांच्यातलं अंतर खोटं वाटतं. फक्त हेडफोनवर केलेली मिक्सं मी ओळखून दाखवते, पैज लावा.

स्पीकर घरी आल्यावर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि शंभर डॉलरच्या आसपास मिळणारा मोजणीचा माइक. पहिला आलेख पाहून धक्का बसेल, बसू द्या. आवाज ७५ डेसिबलच्या आसपास ठेवून काम करा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय, आणि फार मोठ्याने खालचे शेजारी येतात.

राहता राहिला परतीचा प्रश्न. जोडी कधी भारतात न्यायची असेल तर पैसे देण्याआधी पाठीवरचं वीजदाबाचं लेबल वाचा. अमेरिकेत १२० व्होल्ट, भारतात आणि ब्रिटनमध्ये २३०. काही स्पीकर दोन्ही आपोआप झेलतात, काहींना मागे छोटी सरकपट्टी असते, आणि काही एकाच दाबाचे. तिसऱ्या प्रकारासाठी जड ट्रान्सफॉर्मर लागेल, त्याचं वजनही बॅगेच्या २३ किलोंत धरा.