गुन्हेगाराचे चित्र कोण काढते?



गुन्ह्याच्या खुणांवरून अनोळखी गुन्हेगाराचे वय, स्वभाव, राहणी यांचा अंदाज बांधणे म्हणजे प्रोफाइलिंग. अमेरिकेत एफबीआयने १९७२ साली त्यासाठी विभाग काढला, पुढे तुरुंगातल्या ३६ खुन्यांच्या मुलाखती घेतल्या. त्या कामाला अभ्यासाची शिस्त लावली अ‍ॅन बर्जेस या परिचर्येच्या प्राध्यापिकेने. त्याआधी ती इस्पितळात बलात्कारित स्त्रियांचे ऐकत बसली होती. हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

कारण न ऐकता काढलेले चित्र काय करते, ते इंग्लंडमधल्या यॉर्कशरने पाहिले आहे. १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफ या ट्रकचालकाने १३ स्त्रियांचे खून केले. पोलिसांनी मनाशी ठरवले होते, हा वेश्यांचा द्वेष करणारा माणूस. मग हल्ल्यातून वाचलेल्या, पण वेश्या नसलेल्या स्त्रियांचे सांगणे बाजूला पडले. १९७५ मध्येच चौदा वर्षांच्या एका मुलीच्या वर्णनावरून तयार झालेला चेहरा त्याच्याशी बराच जुळत होता! १९७७ मध्ये सोळा वर्षांची मुलगी मारली गेली, तेव्हा कुठे ‘निष्पाप’ बळी हा शब्द निघाला. म्हणजे आधीच्या कोण होत्या?

१९७९ मध्ये एका भामट्याने खुनी असल्याची बतावणी करून पोलिसांना टेप पाठवली. तेव्हापासून त्या टेपमधल्या बोलीचाच माणूस शोधला जाऊ लागला. सटक्लिफची बोली वेगळी. पोलिसांनी त्याला एकूण नऊ वेळा प्रश्न विचारले आणि सोडले. टेपनंतर आणखी तीन स्त्रिया मेल्या. बायकांना मात्र सल्ला, रात्री घरात बसा. लीड्सच्या बायका त्याआधीच, १९७७ मध्ये, रात्रीच्या रस्त्यावर उतरल्या होत्या.

आपल्याकडे तर चित्र बाईचेच काढले जाते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेल्या मथुरा प्रकरणात आरोपी पोलीसच होते. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडले. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. तिथे प्रोफाइल कसले, तक्रार नीट लिहून घेतली तरी पुरे.

पोलीस प्रशिक्षणात बोलायला बोलावणे आले की तासभराच्या भाषणावर समाधान मानू नका. वाचलेल्या स्त्रियांचे जबाब कसे घ्यायचे, एकमेकांशी कसे ताडून पाहायचे, हे अभ्यासक्रमात आहे का, ते विचारा. आणि अंदाज चुकला तेव्हा कोणाकोणाच्या तक्रारी बाजूला टाकल्या गेल्या, याची नोंद कुठे राहते, तेही विचारा.