बाइक हिसके का मारते, आणि रीमॅप केल्यावर नक्की काय बदलतं?

२०२५च्या ऑगस्टमध्ये हिरोने ग्लॅमर एक्स १२५ आणली तेव्हा सगळी चर्चा क्रूझ कंट्रोलची झाली. सव्वाशे सीसीच्या गाडीला क्रूझ कंट्रोल कशाला, यावर रील्सचा पाऊस पडला. माझ्या मते खरी बातमी दुसरीच होती. नव्वद हजारांच्या आसपासच्या गाडीत हातातली मूठ आणि इंजिन यांच्यामधली तार गेली आणि तिथे सेन्सर आला. यालाच राइड-बाय-वायर म्हणतात. २०१७मध्ये ते केटीएम ३९० ड्यूकला आलं, २०२०मध्ये टीव्हीएसच्या आरआर ३१०ला, २०२३मध्ये नव्या हिमालयनला. म्हणजे कालपर्यंत ही महागड्या गाड्यांची गोष्ट होती. आता कॉलेजला जायच्या गाडीत आलीय.

हे सांगायचं कारण, गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘रीमॅप करू का?’ विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना टॉप स्पीड हवा असतो. बाकीच्यांची तक्रार साधी आहे: गाडी हिसके मारते. महाद्वार रोडच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर रांगत चाललोय, मूठ जरा सोडली की गाडी नाक खाली घालते, जरा पिळली की उडी मारते. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या वळणावर गाडी कललेली असते, नेमकं तेव्हाच हे झालं तर मागे बसलेल्याचं हेल्मेट आपल्या हेल्मेटवर आपटतं. मग कुणीतरी सांगतं, ‘भावा, चिप टाक, लोण्यासारखी पळंल.’

आता मुळात हिसका येतो कुठून? जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल हवेबरोबर ओढलं जायचं. मूठ सोडली तरी थोडं पेट्रोल जात राहायचं, त्यामुळे सगळं कसं मऊ वाटायचं. (धूरही व्हायचा, ॲव्हरेजही जायचं, पण आठवणीत ते राहत नाही.) १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं आणि मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन जवळपास सगळीकडे पोचलं. आता पेट्रोल किती मिलिसेकंद मारायचं हे ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्याकडे एक तक्ता असतो. एका बाजूला इंजिनचे फेरे, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडलाय, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. हा तक्ता म्हणजे ‘मॅप’. ठिणगी कधी पाडायची त्याचा वेगळा तक्ता असतो.

या तक्त्याचं पहिलं काम तुम्हाला खूश करणं नाही. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण साधारण १४.७ला १ या रेषेच्या अगदी जवळ ठेवावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर धुराकडे बघत सतत सांगत राहतो, ‘जास्त झालं, कमी कर, कमी झालं, वाढव.’ इंजिनाला मऊपणे खेचायला जरा जास्त पेट्रोल आवडतं, पण ते या रेषेच्या पलीकडे जातं. शिवाय चालत्या गाडीची मूठ पूर्ण सोडली की ईसीयू पेट्रोल चक्क बंद करतो. पुन्हा पिळली की ते अचानक सुरू होतं. सगळ्यात मोठा हिसका इथेच बसतो. त्यात आपल्या बहुतेक गाड्या एका सिलिंडरच्या. २४०० फेऱ्यांवर सेकंदाला फक्त २० स्फोट होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात तेच ८० होतात आणि एकमेकांची उणीव झाकतात. आपल्याकडे झाकणारं कुणी नाही.

म्हणजे गाडीचा हिसकेपणा पुष्कळदा बिघाड नसतो. तो कंपनीने समजून-उमजून केलेला सौदा असतो: धूर कमी, ॲव्हरेज जास्त, त्याबदल्यात मूठ जरा तुसडी.

‘रीमॅप’ या एका शब्दाखाली बाजारात दोन वेगळी कामं विकली जातात, आणि हा फरक कळला नाही तर पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

पहिलं काम म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीचा तक्ता बदलणं. हे ईसीयूमधलं सॉफ्टवेअर बदलून करतात किंवा सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये एक डबा बसवून करतात. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक हा अशा डब्यांपैकी आपल्याकडे सगळ्यात माहितीतला. अशा डब्याचं कामच पेट्रोलची आणि ठिणगीची वेळ बदलणं आहे. त्याने खालच्या फेऱ्यांवरची तुटक ओढ खरंच कमी होऊ शकते. पण ती कमी होते कारण जास्त पेट्रोल जातं.

दुसरं काम म्हणजे मूठ आणि झडप यांचं नातं बदलणं. तुम्ही मूठ वीस टक्के पिळली तर थ्रॉटलची झडप वीस टक्के उघडावी की दहा? राइड-बाय-वायर गाडीत हे सॉफ्टवेअर ठरवतं. रेन मोडमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते ती मुख्यतः याचमुळे. सुरुवातीची पीळ सौम्य केली की तेच इंजिन, तेच पेट्रोल, पण हिसका निम्मा. यात हवा-पेट्रोलच्या प्रमाणाला थेट हात लागत नाही. ‘गाडी स्मूथ पाहिजे’ म्हणणाऱ्या माणसाला खरं तर बहुतेक वेळा हेच हवं असतं.

मेख अशी की ज्या गाडीला तार आहे तिच्यात हे सॉफ्टवेअरने करताच येत नाही. झडप तुमच्या मनगटाने उघडते, ईसीयूला ती फक्त दिसते. तिथे एक तर मुठीजवळची पुली बदलायची, नाहीतर पहिल्या प्रकारचं काम करायचं. म्हणून तार असलेल्या दीडशे सीसीच्या गाडीसाठी कुणी ‘थ्रॉटल रिस्पॉन्स रीमॅप’ विकत असेल, तर तो नक्की काय बदलणार आहे हे आधी विचारा.

याहून वाईट एक तिसरा प्रकार आहे. ऑनलाइन ‘पॉवर चिप’ म्हणून जे स्वस्तात मिळतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या आत साधा रेझिस्टर असतो. तो हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या जागी बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो की बाहेर कडाक्याची थंडी आहे. थंड हवा दाट असते म्हणून ईसीयू जास्त पेट्रोल मारतो. मे महिन्यात कोल्हापुरात उभी असलेली गाडी स्वतःला महाबळेश्वरच्या डिसेंबरात समजते. याला ट्यूनिंग म्हणणं म्हणजे ट्यूनिंग करणाऱ्यांचा अपमान आहे.

फोन रूट केलाय का कधी? गोष्ट जवळपास तीच आहे. लॉक उघडलं की वॉरंटीवर पाणी, फाइल चुकली तर फोनची वीट. काही युरोपीय गाड्यांसाठी ट्यूनईसीयूसारखं अँड्रॉइड ॲप आणि केबल एवढ्यावर मॅप बदलता येतो, त्यामुळे हे काम खेळासारखं वाटायला लागतं. फरक एवढाच की बिघडलेला फोन आंबा घाटात ट्रकच्या पुढे बंद पडत नाही.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर इंजिन नंबर असतो, सीसी असते, रंग असतो. मॅपची आवृत्ती नसते. म्हणून ‘सॉफ्टवेअर कुठं दिसतंय’ असं ट्यूनर म्हणतात. पण कलम १९०(२) प्रदूषणाच्या मानकाबद्दल आहे आणि तिथे दंड १०,००० रुपयांपर्यंत, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. पेट्रोल-ठिणगीचा तक्ता बदलला की तुम्ही या कलमाच्या दारात उभे राहता. मूठ-झडपेचा बदल त्यामानाने लांब आहे, तरी कंपनीने मंजूर करून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो फेरफारच. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला कारण मिळतं, तो मुद्दा वेगळाच.

पीयूसीमध्ये सापडणार नाही, हेही खरं आहे. पेट्रोल दुचाकीची पीयूसी चाचणी गाडी जागेवर उभी असताना, आयडलवर, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. ट्यूनर आयडलचे चौकोन तसेच ठेवतो आणि पुढचे बदलतो. कागद स्वच्छ, रस्त्यावरचा धूर वेगळा. २०१५मध्ये फोक्सवॅगन याच युक्तीवर पकडली गेली होती: चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी सभ्य वागायची. त्यानंतर पुण्याच्या एआरएआयने केलेल्या तपासणीनंतर कंपनीला भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने केलं तर घोटाळा आणि आपण केलं तर ट्यूनिंग, हा हिशोब मला पटत नाही.

आता एप्रिल २०२५पासून नव्या दुचाकींना ओबीडी-२बी लागू झालंय. गाडी स्वतःच कन्व्हर्टर आणि मिसफायरवर नजर ठेवते आणि खटकलं की इंजिनचा दिवा लावते. जो मॅप २०२१च्या गाडीत गुपचूप खपून गेला, तो नव्या गाडीत दिवा लावू शकतो. मग तो दिवा बंद करायला आणखी एक फाइल. हे सत्र कुठे थांबतं ते ज्याचं त्याने बघावं.

या सगळ्यात पेट्रोलही बदललंय, आणि हा भाग कोल्हापूरकरांच्या अगदी घरचा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. २०३०चं उद्दिष्ट २०२५मध्येच गाठलं. ते बनतं आपल्याच जिल्ह्यासारख्या ऊसपट्ट्यात. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचं प्रमाण १४.७, तर ई-२०चं साडेतेराच्या आसपास. ऑक्सिजन सेन्सर चालू असताना ईसीयू हा फरक बऱ्यापैकी भरून काढतो. पण सकाळी थंड इंजिनावर किंवा मूठ जोरात पिळल्यावर तो सेन्सरचं न ऐकता थेट तक्त्यावर चालतो. तक्ता जुन्या पेट्रोलचा असेल तर मिश्रण पातळ होतं आणि गाडी अडखळते. २०२१च्या नीती आयोगाच्या अहवालात अशा जुन्या दुचाकींच्या ॲव्हरेजमध्ये तीन ते चार टक्के घट धरलेली आहे. १ सप्टेंबर २०२५ला सुप्रीम कोर्टाने ई-२०विरुद्धची याचिका फेटाळली, म्हणजे हे पेट्रोल राहणारच. मग २०२०-२२च्या गाड्यांसाठी कंपन्यांनी ई-२०चा अधिकृत मॅप सर्व्हिसमध्ये का देऊ नये? फोनला अपडेट येतं, गाडीला का नाही?

माझा खरा राग इथे आहे. उद्यमनगरात ऑइल इंजिनं उघडून-जोडून पिढ्या शिकल्या. शाहूपुरीतला एखादा मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून गाडी गप्प करायचा. आज तोच मिस्त्री थ्रॉटल बॉडी साफ करतो, पण काही गाड्यांत त्यानंतर ईसीयूला झडपेची शून्य जागा पुन्हा शिकवावी लागते आणि ते कंपनीच्या स्कॅनरशिवाय होत नाही. ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यातल्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत. पण पोर्टलवर नाव असणं वेगळं आणि मिस्त्रीच्या हातात स्कॅनर येणं वेगळं. सरळ दुरुस्तीचं दार बंद ठेवलं की लोक चोरवाटेने फाइल टाकून घेतात. चोरवाटेला दोष देताना बंद दाराकडेही बघायला हवं.

तोवर गाडी हिसके मारत असेल तर फुकटच्या गोष्टी आधी. तारेच्या गाडीत मुठीची मोकळी चाल मॅन्युअलप्रमाणे आहे का बघा. ती जास्त असेल तर प्रत्येक पिळीला आधी पोकळ जागा आणि मग धक्का. चेन ढिली असेल तर तेच. मागच्या चाकातले कुश रबर तीस-चाळीस हजार किलोमीटरनंतर सहसा कुणी बघत नाही, आणि ते झिजले की गाडी खडखडत ओढते. थ्रॉटल बॉडी आणि एअर फिल्टर साफ, प्लग ठीक. कंपनीचा नवा मॅप आलाय का हे सर्व्हिस सेंटरला विचारा, कधीकधी असतो आणि कुणी सांगत नाही. गाडीला मोड असतील तर पावसाळी मोड कोरड्या गर्दीतही लावून बघा. आणि गर्दीत मूठ पूर्ण सोडण्याऐवजी केसभर उघडी ठेवून मागचा ब्रेक हलका धरा. पेट्रोल तुटतच नाही, मग हिसका कुठला. महाद्वार रोडवर मी हेच करतो.

हे सगळं करूनही मॅपच हवा असेल, आणि गाडी कोल्हापूरजवळच्या मोहितेंच्या ट्रॅकसारख्या बंदिस्त जागीच चालवायची असेल, तर तो निराळा खेळ आहे, तिथे ट्यूनिंग हा कसबाचा भाग आहे. तेव्हा ट्यूनरला चार प्रश्न विचारा. माझ्या मूळ मॅपची प्रत काढून देणार का? डायनोवर गाडी चढवून मॅप बनवणार, की दुसऱ्याच्या गाडीची फाइल टाकणार? ऑक्सिजन सेन्सर चालू राहणार का? आणि ई-२० धरून केलंय का? पहिल्याच प्रश्नाला ‘त्याची काय गरज’ असं उत्तर आलं, तर चावी खिशात घाला आणि निघा.